पायी पोचवलेली पार्सलं

कोणी मला माझे अधिकार समजावून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. श्रीधर वकिलांनी तर टेबलावर अख्खा व्यापार करारच आपटला.

ते एका परदेशी डिलिव्हरी ॲपचे वकील. समोरच्या खुर्चीत प्रशिक गजभिये, दोन लेकरांचा बाप, त्याच ॲपची पार्सलं पोचवणारा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडचे रस्ते गाड्यांना बंद होते, म्हणून त्याने मोटारसायकल प्रताप नगरात लावली आणि दिवसभर पार्सलं पायी पोचवली. दुसऱ्या दिवशी ॲपने त्याचा आयडी बंद केला. कारण काय, तर संशयास्पद हालचाल. दोन महिने तो घरी बसून होता.

"मले काहून बंद केलं, एवढं तं सांगा न मॅडम. मी काम करून राहिलो होतो," तो म्हणाला.

ते कळायला ॲपचा कोड बघावा लागणार होता. कामगार अधिकारी म्हणून मी तो मागितला होता.

"नंदिनी मॅडम, कंपनीच्या देशाशी आपल्या सरकारचा करार झालाय," वकील म्हणाले. "कोड मागायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे."

मला हसूच आलं. रविवार घालवून मी तो करार वाचला होता. "पुढचं पोटकलम वाचा की."

त्यांनी करार माझ्याकडे सरकवला. मग मीच वाचलं. ठरावीक तक्रारीच्या चौकशीसाठी सरकारी अधिकारी कोड बघू शकतो, फक्त तो गुप्त ठेवायचा.

"आपल्या लोकांनी घासाघीस करून हे घालून घेतलंय, साहेब. शोभेला नाही."

वकील फोन करायला बाहेर गेले, आणि आले ते एकदम गोड होऊन. "याचा आयडी आत्ता सुरू करतो. कोड दाखवायचा आदेश तेवढा काढू नका."

माझा पेन थांबला. पोट त्याचं होतं, माझं नव्हतं.

"प्रशिक, तू सांग. तू हो म्हणालास तर मी प्रकरण मिटवते." तो हो म्हणाला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. पण मनातून मला फार वाटत होतं, नाही म्हण रे बाबा.

प्रशिक वकिलांकडे वळला.

"त्या दिवशी आम्ही अकरा जण पायी फिरलो. अकराही बंद आहेत. मले एकट्याले चालू करान, अन् पुढच्या वर्षी पुन्हा बंद करान." मग तो मला म्हणाला, "लिहा मॅडम."

मी लिहिलं.