विटेची उंची

"ही वीट आहे की उशी?" नकाशेवाल्याने शिशाचा सैनिक भिंतीला टेकवून विचारलं, आणि सगळे हसले.

सैनिक बोटाएवढाही नव्हता, पण भिंतीवरची एकेक वीट त्याच्या गुडघ्याला लागत होती. भिंत मास्तरांनी केलेली. मास्तर म्हणजे शिंपी, नकाशेवाल्याचे तीस वर्षांचे मित्र. दर रविवारी क्लबच्या टेबलावर चिमुकल्या फौजा मांडून लढाया खेळायच्या, त्यासाठी गावं नि तटबंद्या घरी करून आणायच्या, हा दोघांचा नाद.

"कपडा शिवताना माप बघतोस ना, मास्तर? तसं इथेही बघत जा."

मास्तर कसनुसे हसले. लढाई अर्ध्यावर असतानाच आपलं गाव खोक्यात भरून ते निघून गेले. पुढचे तीन रविवार फिरकले नाहीत.

नकाशेवाल्याने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हयातभर नकाशे काढले होते. चूक दिसली की बोलून टाकायचं, ही सवय. पण या वेळी बोललेलं मनातून जाईना. शेवटी तो मॉडेलच्या सामानाच्या दुकानात गेला. विटांचे उठाव असलेले प्लास्टिकचे सात पत्रे त्याने काढायला लावले. प्रत्येकावर सैनिक उभा करून पाहिला, पायाखालच्या चकतीची जाडी वजा धरून. एका पत्र्यावर वीट बरोबर घोट्याशी आली. तो घेऊन रस्त्याला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण माफी मागायला निघालोय, तीही चूक दुरुस्त करूनच.

मास्तरांच्या घराचं दार वहिनींनी उघडलं.

"बरं झालं आलात, भाऊजी. शिवणकाम बंद केलं त्यांनी, कळलंच असेल."

"नाही. का?"

"डोळे." त्यांनी आवाज खाली आणला. "समोरचं दिसतच नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. त्या गावाच्या भिंतींचे पत्रे घेताना मी होते बरोबर. बारीक विटा बोटांना लागेनात, म्हणून मोठ्या घेतल्या. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

नकाशेवाल्याला चपला काढायचंही सुचेना.

आत मास्तर चाचपडत एका चिमुकल्या घराचा विटांचा पत्रा सुरीने खरवडून काढत होते. बाकीची घरं उघडी पडली होती.

"तू होय? बस. तुझं बरोबर होतं."

"राहू दे रे. चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर बोलला नसतास," मास्तर म्हणाले. "आणि मी सगळ्यांना तसलंच गाव दाखवत बसलो असतो. काय आणलंस?"

त्याने पत्रा हातात दिला. मास्तरांनी अंगठा फिरवला, पत्रा उलटा केला, पुन्हा फिरवला.

"बारीक आहे. चांगलं आहे. तू काप, मी चिकटवतो."

नकाशेवाला मापं घेऊन तुकडे कापत गेला. दोन भिंती नीट बसल्या. तिसऱ्या तुकड्याला मास्तरांनी विटांच्या बाजूनेच गोंद लावला. नकाशेवाल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तरांनी तुकडा भिंतीवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी कडेपर्यंत दाबत नेला. विटा आत गेल्या; भिंत गुळगुळीत, पांढरी दिसत होती.

"बसला ना नीट?"

"बसला," तो म्हणाला, आणि पुढचा तुकडा कापायला घेतला.