दोर्लिगचा शब्द मी राखला

मित्रांनो, मी एक जुनी राखाडी व्हॅन आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. रशियातल्या कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. आज ओरखड्यावाचून जागा शोधून दाखवा! यातला एकेक ओरखडा मी मंगोलियाच्या रस्त्यांवर कमावला आहे. आता रस्ते म्हणजे काय, तर गवतात उमटलेल्या चाकोऱ्या. त्यातली कुठली धरायची, हे माझा मालक दोर्लिग जाणतो.

दोर्लिग अंगाने आडवा आणि बोलण्याने तुटक. माझ्याशी मात्र दिवसभर बोलतो. चढ आला की इंजिनाच्या झाकणावर थाप मारून म्हणतो, "चल गं बाई." माझं इंजिन नव्या गाड्यांसारखं नाकात नाही, बरं का. ते आत, ड्रायव्हरच्या शेजारी, घरच्या माणसासारखं बसलेलं असतं. थंडीत त्याच्या झाकणावर चहा गरम राहतो. एकदा तर नुकतं जन्मलेलं कोकरूसुद्धा त्यावर निवांत झोपलं होतं.

प्रवासाला निघताना दोर्लिगची बायको शकुन म्हणून लाकडी पळीने माझ्या चाकांवर दूध शिंपडते. खिंडीतल्या दगडांच्या पवित्र राशीपाशी आम्ही नमस्कार म्हणून तीनदा हॉर्न वाजवतो. आणि कधी पोचणार, हे चुकूनही सांगत नाही. वेळ बोलून दाखवली की रस्ता ऐकतो आणि मुद्दाम आडवा येतो, असं आमच्याकडे मानतात.

गेल्या उन्हाळ्यात पर्यटकांना फिरवायला आमच्याबरोबर हुलान नावाची नवी गाईड आली. शहरात वाढलेली, हुशार, तोंडाने फटकळ. पाहुणे होते जर्मनीचे एक आजी-आजोबा. आजोबांच्या मनगटावर भलंमोठं घड्याळ आणि ओठांवर एकच प्रश्न, कधी पोचणार? शेवटी हुलान सांगून मोकळी झाली की दोन वाजता जेवायला पोचू. दोन वाजले तेव्हा दोर्लिग माझं फुटलेलं टायर बदलत होता.

"सांगितलंस ना दोन? घे, वाजले दोन," तो म्हणाला.

"टायर तुमचं गुळगुळीत, काका, आणि बोलणी मला होय?" हुलान काही कमी नव्हती. "ही म्हातारी अजून किती वर्षं चालणार आहे, ते तरी सांगा."

"तेही विचारायचं नसतं," एवढंच म्हणून दोर्लिगने पान्याने नट आवळला. मला त्या पोरीचा असा राग आला होता! पण टायर खरंच गुळगुळीत होतं, म्हणून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाळूच्या टेकड्यांकडे निघालो होतो. दुपार कलली होती. इतक्यात एक घोडेस्वार भरधाव आमच्या आडवा आला. तो त्सेंद नावाचा मेंढपाळ होता. त्याच्या बायकोला, उयांगाला, दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या. त्याच्याकडे गाडी नव्हती आणि दवाखाना नदीपलीकडच्या गावात होता. हुलान पाहुण्यांना समजावून सांगू लागली, तोवर आजींनी मागची सीट रिकामी केलीसुद्धा.

त्सेंदच्या मागोमाग आम्ही त्याच्या तंबूपाशी गेलो. हुलानच्या मांडीवर डोकं ठेवून उयांगा मागच्या सीटवर आडवी झाली, त्सेंद तिच्या पायाशी बसला. काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं न्यावं तसं दोर्लिग मला नेत होता. तरी खड्डे ते खड्डेच. प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची आणि माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. नदीपाशी आलो तर वर कुठेतरी पाऊस झालेला, पाणी गढूळ आणि फुगलेलं.

"काका, कधी पोचणार?" उयांगाने विचारलं.

विचारायचं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिने विचारलं, कारण तिला दुसरा कसलाच आधार नव्हता. दोर्लिगने आरशात तिच्याकडे पाहिलं.

"दिवस मावळायच्या आत," तो म्हणाला. "माझा शब्द."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा तो वेळ बोलला, आणि तीही माझ्या भरवशावर! मी पाण्यात उतरले. पण नदीच्या मधोमध पाणी आत शिरलं, प्लगच्या वायरी भिजल्या आणि मी दोनदा खोकून बंद पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी चकचकीत जीप असती तर ड्रायव्हरला पाण्यात उतरून बॉनेट उघडावं लागलं असतं, आणि तो कुठल्या कुठे वाहून गेला असता. माझ्या दोर्लिगने बसल्या जागी झाकण उचललं. आजोबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि झाकण दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दोर्लिगने कमरेला गुंडाळलेला पिवळा कापडी पट्टा सोडला. चारचौघांत तो पट्टा कधी सोडत नाही, आमच्याकडे ते कमीपणाचं मानतात, पण हाताशी कोरडं कापड तेवढंच होतं. त्याने एकेक वायर पुसली, मग झाकणावर थाप मारली.

"चल गं बाई," तो हळूच म्हणाला. "मी बोलून बसलोय."

मी चालू झाले. काय बिशाद होती न होण्याची! गढूळ पाणी चिरत मी काठावर चढले आणि पुढे एकदाही कुरकुरले नाही. दवाखान्याच्या दाराशी थांबले तेव्हा डोंगराच्या माथ्यावर उन्हाची बारीक कडा अजून शिल्लक होती.

थोड्याच वेळात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, आणि मायलेकी सुखरूप होत्या. दोर्लिग माझ्या पायरीवर ओला पट्टा पिळत बसला होता. हुलानने त्याला चहा दिला.

"काका, वेळ सांगितलीत की."

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला.

सकाळी नदी ओसरल्यावर नातीला बघायला आलेल्या त्सेंदच्या आईने माझ्या चाकांवर, काचेवर, दिव्यांवरसुद्धा दूध शिंपडलं. इतकं, की दिवसभर माझ्या अंगावर माश्या घोंगावत होत्या. मला त्याचाही अभिमान वाटला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी सायकल असेल, एखादं शिवणयंत्र असेल. ते किती दिवस टिकेल, असं त्याच्या तोंडावर विचारू नका. पुसा, तेल घाला, कधीतरी हाक मारा. आणि हो, टायर तेवढं गुळगुळीत होऊ देऊ नका. आमच्या भरवशावर कुणी शब्द दिला, तर तो राखण्याची ताकद आमच्यात उरलेली असते.

यंदा एका नव्या पाहुण्याने माझा गंज बघून हुलानला विचारलं, ही अजून किती वर्षं चालेल?

"असं विचारायचं नसतं," ती म्हणाली. मग आत येऊन बसली आणि माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाली, "चल गं बाई."