मडीचा फ्रिज

तंजावूरच्या मेडिकल कॉलेज रस्त्यावरच्या त्या घरात दोन फ्रिज होते. हॉलमधला मोठा आणि दोन दारांचा. त्यात उरलेलं सांबार, चिरलेला कांदा, बेकरीतला केक, काहीही कोंबलेलं चालायचं. दुसरा मागच्या खोलीत. बुटका, एका दाराचा, निळ्या रंगाचा. तो मडीचा. तंजावूरचे मराठी लोक सोवळ्याला मडी म्हणतात, आणि शेषम्माबाईंनी मडी नुसती पाळली नव्हती, तिला विजेची जोडणी करून दिली होती. त्या फ्रिजात देवाचं दूध, दही आणि श्राद्धाच्या स्वयंपाकाचं सामान, एवढंच. आंघोळ करून, ओलेत्याने, शेषम्माबाई स्वतः त्याचं दार उघडायच्या. दुसऱ्या कुणाची बिशाद नव्हती.

भुवना त्यांची सून. नवी नवरी होती तेव्हा तिला वाटलं, चार दिवसांत सासूबाई आपल्यालाही आत घेतील. महिन्याचे दिवस सोडा, तेव्हा तर त्या खोलीच्या वाटेलाही जायचं नव्हतं. पण एरवीही आधी “हात लावूं नको!” आणि मग उलटतपास व्हायचा. आंघोळीनंतर कुणाला शिवलीस का? दूधवाल्याचे पैसे हातात घेतलेस? केस कोरडे कसे? आणि सगळ्या प्रश्नांतून पार पडली, तरी शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, “राहूं दे गे, मीच काढतें.” पुढे भुवनाची पाळी कायमची गेली. आता तरी, असं तिला वाटलं. तेव्हा कारण बदललं, उत्तर तेच राहिलं. गंमत अशी की तिचा नवरा अनिरुद्धराव, घरचा मुलगा म्हणून, बनियनवर, घामेजलेल्या अंगाने यायचे आणि खुशाल दही काढून न्यायचे. त्यांना कुणी काही विचारत नसे.

गेल्या वर्षी शेषम्माबाई गेल्या. फ्रिज मात्र चालूच राहिला, आत काही नसताना गुरगुरत. भुवना रोज त्याच्यासमोरून जायची आणि हात लावायची नाही. अडवणारं कुणी उरलं नव्हतं, तरी लावायची नाही. याचा तिला स्वतःचाच इतका राग यायचा की कधीकधी ती त्या खोलीचा दिवा उगाच धाडकन बंद करायची.

अशात नित्या आली. भुवनाची एकुलती एक लेक, बेंगळूरूला एका हॉटेलात बियर बनवायची. अनिरुद्धराव नातेवाइकांना “फूड टेक्नॉलॉजी” असं सांगायचे आणि लगेच विषय कावेरीच्या पाण्यावर न्यायचे. आता ती नोकरी सोडून घरी आली होती. तिला स्वतःचं काहीतरी करायचं होतं. आलं, लिंबू आणि नन्नारीची, म्हणजे अनंतमुळाची, मुळी घालून आंबवलेलं फसफसतं पेय, आणि तेही बाटलीतून नाही, तर तोटीतून, थंडगार, ग्लासात फेस धरेल असं.

“यांत दारू असते कीं काय?” अनिरुद्धरावांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

“तुम्ही सकाळीं पळयसाद जेवतां ना अप्पा, रात्रभर पाण्यांत ठेवलेला भात? त्यांत असते तेवढी.”

अनिरुद्धरावांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

मग नित्या आईकडे वळली. “अम्मा, मला एक जुना फ्रिज पाहिजे. आंत स्टीलचं पिंप ठेवायचं, बाहेर सोड्याच्या गॅसचा सिलिंडर, दाराला तोटी. आज्जीचा तो निळा देशील?”

“माझ्या अम्माच्या फ्रिजला भोकं पाडणार?” वर्तमानपत्र खाली आलं. “मडीचा आहे तो!”

भुवना भांडी पुसत होती. आपण नको म्हणणार, असं तिला अगदी शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं. तोंडातून मात्र निघालं, “देतें. पण मी पण करणार. बाजूला उभी राहून पाहणार नाहीं, आतांच सांगतें.”

नित्या हसून कबूल झाली. “सरि, अम्मा.” आपल्या आईने किती वर्षांचं मागणं मागितलं, हे तिला कुठून कळणार? भुवनालाही ते नीट सांगता आलं नसतं. तिला फ्रिज नको होता. त्या दारापाशी उभं असताना कुणी तिला मागे सारू नये, एवढंच हवं होतं.

काम सुरू झालं. फळ्या काढल्या, भाज्यांचा खण काढला, दाराच्या आतलं प्लॅस्टिक उचकटलं. भुवनाने पदर खोचून सगळं केलं. पहिल्यांदा हँडल धरलं तेव्हा हात थांबला खरा, पण नित्या स्क्रू शोधण्यात गुंतली होती, तिने पाहिलं नाही. दाराला तोटीचं भोक नित्याने पाडलं. ते सोपं होतं, दारातून नळ्या जात नाहीत. अडचण आली ती बाजूच्या भिंतीशी. गॅसची नळी तिथून आत घ्यायची होती, आणि या फ्रिजच्या गरम नळ्या नेमक्या बाजूच्या पत्र्याखालून गेलेल्या. त्यातल्या एकीला ड्रिल लागलं की आतला गार करणारा वायू फुस्स होऊन निघून गेला असता आणि फ्रिज कपाट म्हणून वापरावा लागला असता.

नित्याने पत्र्यावर हात फिरवून पाहिला. “हेंकडे गरम लागतें, तेंकडे पण गरम लागतें. नेमकं कळत नाहीं.” तिने फोनवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं की एखादा ओला लेप लावावा, नळीवरचा आधी वाळतो.

भुवना उठली आणि स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. देवापुढच्या कोलमासाठी, म्हणजे रांगोळीसाठी, तिने तांदूळ भिजवून वाटून ठेवलेले होते. ते ओलं पीठ तिने बोटांनी पत्र्यावर सारवलं, पातळ, सारखं. चाळीस वर्षं जमिनीवर हेच केलेला हात होता, कुठे थेंबही ओघळला नाही. ओलं असताना पीठ दिसेना. दोघी समोर बसून राहिल्या. हळूहळू निळ्या रंगावर एक पांढरी रेघ उमटली, मग तिच्या शेजारी दुसरी, मग खाली वळण घेऊन पुन्हा वर जाणारी. आतल्या नळ्या एकेक करून बाहेर दिसायला लागल्या.

“अय्यो, अम्मा!” नित्या ओरडलीच.

भुवनाला इतका आनंद झाला की तिने तो लपवला नाही. दोन रेघांच्या मध्ये, अजून ओल्या असलेल्या जागी, तिने बोट टेकवलं. “हेंकडे पाड.” मग म्हणाली, “नाहीं, दे. मीच पाडतें.” आणि पाडलं. ड्रिल पलीकडे निघालं, फ्रिज पूर्वीसारखाच गुरगुरत राहिला, आणि हॉलमधून अनिरुद्धरावांनी विचारलं, “गेला का?” त्यांच्या आवाजात जराशी आशा होती.

पेय बरणीत फसफसून तयार झालं, त्या दिवशी नित्याचा अवतारच बदलला. सकाळी डोक्यावरून आंघोळ केली, केस बांधून फडक्यात गुंडाळले. पिंप उकळत्या पाण्याने धुतलं. नळ्या, तोटी, झाकण, सगळ्यावर कसलंसं औषधी पाणी फवारलं आणि धुतलेल्या पांढऱ्या कापडावर ओळीने मांडलं. कुणाला त्या बाजूने फिरकू देईना. पेय पिंपात गेलं, पिंप फ्रिजात गेलं, फक्त दोन नळ्या जोडायच्या राहिल्या, गॅसची आणि तोटीची. गॅसच्या नळीचं टोक कापडावरून घसरायला आलेलं भुवनाने पाहिलं आणि सावरायला हात पुढे केला.

“हात लावूं नको!”

भुवना जागच्या जागी थिजली. तोच सूर होता. शब्दही तेच, मान झटकायची लकबही तीच. नातीने आज्जीचं नाक घेतलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आवाजही घेतला होता हे आज कळलं. भुवना मागच्या दारी गेली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला बसली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही, हात राखेचे होते.

अनिरुद्धराव हसत हसत मागे आले. “ऐकलंस? अगदी माझी अम्मा बोलल्यासारखं...” बायकोचा चेहरा पाहिला आणि उरलेलं हसू गिळून परत गेले.

थोड्या वेळाने नित्या आली. “काय झालं अम्मा? नळी खराब झाली असती तर सगळं नासलं असतं, म्हणून ओरडलें.”

“सगळें तेंच सांगतात,” भुवना म्हणाली. “तुझी आज्जी पण तेंच सांगायची. नासतें, बाटतें, मागें हो. मी काय केल्यावर पुढें यायचं, तें एकदां तरी सांगायचं होतं. सगळा जन्म त्या दाराबाहेर उभी राहिलें मी, नित्या. आतां तुझ्या पण बाहेर?”

घरातला फ्रिज नित्याने लहानपणापासून पाहिला होता. त्याच्यापुढची आई तिला आज दिसली. तिने पातेलं आईच्या हातातून काढून घेतलं. “ये,” म्हणाली.

नळाखाली तिने भुवनाचे हात साबणाने धुतले, नखांच्या कडेने, बोटांच्या बेचक्यांतून. लहान मुलाचे धुवावेत तसे. मग त्यांवर ते औषधी पाणी फवारलं. “वाळूं दे जरा. हं. आतां जोड नळी.”

“झालं?”

“झालं.”

“आंघोळ?”

“कशाला? हात लागतो ना, हात धुतला.”

“आणखी कांहीं विचारायचं नाहीं?”

“काय विचारायचं, अम्मा?”

भुवनाने आपल्या हातांकडे पाहिलं. तेच हात, थोडे सुरकुतलेले, साबणाचा वास येणारे. एवढंच होतं तर. इतकं सोपं असू शकत होतं, आणि कुणी होऊ दिलं नव्हतं. तिला रडू आलं नाही, राग आला, चांगला स्वच्छ राग, आणि त्या रागाच्या भरात तिने नळी अशी घट्ट बसवली की नित्याला सांगावं लागलं, बस, बस.

फ्रिजचं दार उघडं होतं. आत पिंप, वर नळीचं वेटोळं, आणि गॅस पिंपात शिरताना येणारा बारीक आवाज. तो ऐकून अनिरुद्धराव आले. नेहमीसारखे, बनियनवर, हातात अर्धी खाल्लेली मुरुक्कूची चकली. वाकून त्यांनी दुसऱ्या, अजून न जोडलेल्या नळीकडे हात नेला.

“हात लावूं नका!”

हे नित्या म्हणाली नव्हती. अनिरुद्धराव दचकून सरळ उभे राहिले. त्या फ्रिजपाशी त्यांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. भुवनालाही आपला आवाज ऐकू आला, आणि तो कुणाचा आहे हेही कळलं. क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर, बाहेर ठेवलेल्या माणसाचं ते गोंधळलेलं, लाजलेलं काहीतरी आलं होतं. ते ती ओळखत होती.

“तेंकडे साबण आहे,” ती म्हणाली. “नखांपाशीं नीट घासा. आणि या.”

“मी? येऊं?”

“या म्हटलं ना.”

ते नळाकडे गेले.

“अम्मा, दार लाव, गारवा जातो,” नित्या म्हणाली.

“जाऊं दे गे,” भुवना म्हणाली, आणि ते हात धुवून येईपर्यंत दार उघडं धरून उभी राहिली.