राहिलेली खूण

"नीट मोजा, भाऊ. एखादं तरी हिरवं असेल," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

"भिंगाखाली घालून पाहिलं, बाई. दोनशे सहा रोपं. सगळी पांढरीफटक."

भाऊ या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे माध्यमे बनवीत होते. कोवळ्या फुलांतले परागकोश साखर, क्षार आणि संप्रेरके घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर ठेवायचे आणि परागकणांतून रोपे उगवण्याची वाट पाहायची. रोपे उगवत, परंतु हरितद्रव्यावाचून. माध्यमातील साखर सरली की ती मरत.

गतवर्षी मात्र एका तबकडीत सात हिरवी रोपे निघाली. मातीत लावताच त्यांनी माना टाकल्या, हे खरे, पण निघाली. प्रत्येक घटक घालताच वहीत खूण करण्याचा भाऊंचा शिरस्ता होता. त्या तबकडीचे माध्यम बनवताना नेमका मुलीचा फोन आला आणि मोरचुदापुढची खूण राहिली. मोरचूद पडलेच नसेल, किंवा दोनदा पडले असेल. एकदाच पडल्याने काय होते, हे तर सव्वीस वर्षे दिसतच होते. म्हणून यंदा दोन संच लावले: एक बिनमोरचुदाचा, एक दुपटीचा. आज दोन्ही पांढरे निघाले होते.

"उद्या ही प्रयोगशाळा ठेवायची की नाही ते ठरवायला समिती येतेय. सांगू, दुपटीनं जमलं होतं. वर्षभर तरी खोली राहील," बाई म्हणाल्या.

"आणि वर्षानं काय सांगायचं?"

"तेव्हाचं तेव्हा. तुम्हीच म्हणाला होतात ना, बहुधा दोनदा?"

"म्हणालो होतो. ही दोनशे सहा नाही म्हणतायत."

"एवढे काटेकोर तुम्ही, आणि तेवढीच एक खूण चुकली!"

बाईंनी चष्मा काढला, पुसला. "लिहा मग, काय लिहायचं ते," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

भाऊंनी वहीत लिहिले: हिरवी, शून्य. कारण, अज्ञात. मोरचुदाशी संबंध सिद्ध होत नाही.

जिवंत रोपे टाकण्यापूर्वी वाफेच्या भांड्यात मारावीत, असा नियम होता. भाऊ तबकड्या एकेक करून आत रचू लागले. एका तबकडीतली रोपे इतकी वाढली होती, की पाने झाकणाला टेकून वाकली होती. भाऊंनी झाकण काढले आणि पाने सरळ होतात का ते पाहिले.

पाने वाकलेलीच राहिली.