चाळिसातली एक

“ओव्हाळ, गाडीला चाकं आहेत, इंजिन आहे, आरसासुद्धा आहे. नंबर कुठे आहे?”

बर्वेसाहेब जीपच्या पुढच्या चाकाशी वाकून बॅटरीच्या उजेडात आत बघत होते. दशरथ ओव्हाळ फाइल छातीशी धरून शेजारी उभे होते.

“चाकामागच्या पट्टीवर असेल साहेब. कागदात लिहिलाय की.”

“कागदातला मला दिसतोय. पण रस्त्यावर कागद चालवणार आहात की जीप?”

आळंदी रस्त्यावरच्या आरटीओच्या मैदानात बर्वेसाहेबांचं असलं बोलणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. माणूस सरळ. चहासुद्धा घरून आणलेल्या थर्मासातला प्यायचे. फक्त तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्यानं गप उभं राहायचं, एवढंच.

जीप लष्कराच्या लिलावात घेतलेली होती. अशी गाडी आपल्या नावावर चढवायची तर दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे तिच्या अंगावर मिलिटरीचा हिरवा रंग कुठेही राहता कामा नये. तो रंग लष्कराशिवाय कुणी लावायचा नाही, असा नियमच आहे. आणि दुसरी म्हणजे चासीच्या लोखंडावर ठोकलेला नंबर लष्कराच्या विक्रीच्या कागदाशी जुळला पाहिजे, नाही तर उद्या कुणीही चोरीची गाडी मिलिटरीची म्हणून आणून उभी करील. सीटखाली वीतभर हिरवा राहिला म्हणून आठवड्यापूर्वी दशरथना एकदा परत पाठवलेलं होतं. आता गाडी आतून-बाहेरून निळीशार झाली होती, तर नंबरच गायब.

साहेबांनी उठून गुडघे झटकले. “चारला मैदान बंद होतं. तोवर नंबर दाखवा. नाही दिसला तर फाइलवर ‘चासी नंबर आढळला नाही’ असं लिहीन, आणि मग ही गाडी भंगारवाल्याशिवाय कुणाच्या कामाची नाही. मला हौस नाही हो, पण दुसरं काही लिहिता येत नाही.”

तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

दशरथ अंगाखाली पोतं घालून जीपखाली सरकले. कागदात लिहिलेल्या जागी त्यांनी बोट फिरवलं. आकडे नाहीत, खड्डा नाही, साधा खरखरीतपणासुद्धा नाही. काचेसारखी गुळगुळीत पट्टी. हा गुळगुळीतपणा त्यांच्या ओळखीचा होता. स्वतःचं अक्षर ओळखू येतं तसा.

एकतीस वर्षं ते लष्कराच्या वर्कशॉपात रंगारी होते. सिव्हिलियन रंगारी. गाड्या फौजेच्या, रंग फौजेचा, ब्रश फौजेचे. दशरथ तेवढे सिव्हिलियन. सकाळी आत जाताना झडती, संध्याकाळी बाहेर पडताना झडती. त्यांच्या हाताखालून किती जीप, किती ट्रक गेले याचा हिशेब नाही, पण एकाही गाडीत ते कधी बसले नव्हते. रंग ओला असायचा, आणि वाळला की गाडी त्यांची नसायची.

अठ्ठ्याऐंशी साली कुणी मोठे साहेब तपासणीला यायचे होते, आणि फौजेत साहेब येणार म्हटलं की हलत नाही त्या प्रत्येक वस्तूला रंग लागतो. त्यांना फिरवायला हीच जीप निवडली होती. चासीची ही पट्टी गंजून खडबडीत झाली होती. दुसऱ्या कुणी वरून एक हात मारून सोडून दिलं असतं. पण दशरथ पडले नको इतके नेटके. भिंतीची भोकं बुजवायला रंगारी वापरतात ती लांबी त्यांनी पट्टीत दाबून दाबून भरली, दोन दिवस पाण्याच्या पेपरनं घासली आणि वर तीन हात रंग दिला. त्या साहेबांनी चाकामागे हात घालून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि दशरथना प्रशस्तिपत्र दिलं. ते चौकटीत बसून अजून घरी भिंतीवर होतं.

म्हणजे नंबर गायब करणारा चोर दुसरातिसरा कुणी नव्हता.

“काका, डोकं नका लावू.” बद्रीनाथ शेजारी येऊन बसला. आरटीओतली कामं करून देणारा हा एजंट. दशरथांचे फॉर्म त्यानंच भरले होते. “माझा माणूस हाय. पंच घेऊन येतो, कागदातला नंबर बघून तसाच्या तसा ठोकतो. अर्ध्या तासात काम होतंय.”

“आणि खरा नंबर खाली आहे त्याचं काय?”

“त्यो कोन बघायला बसलंय?”

“एकतीस वर्षं खोटा हात मारला नाही, बद्रीनाथ. स्वतःच्या गाडीला मारू होय?”

“मग ग्राइंडर तरी आणू?”

“ग्राइंडर लांबीबरोबर आकडेही खाईल. मग साहेब म्हणतील, मुद्दाम घासला.”

“बसा मग खरवडत,” म्हणून बद्रीनाथ उठला. पण जाताना आपल्या बसायची गोणी मात्र त्यांच्या डोक्याखाली सारून गेला.

दीपालीनं, म्हणजे दशरथांच्या मुलीनं, आज हिंजवडीच्या कंपनीतून सुट्टी घेतली होती. गाडी तिनंच चालवत आणली होती, कारण दशरथना गाडी चालवता येत नव्हती. ती रिक्षानं विश्रांतवाडीला घरी गेली आणि थिनरचा डबा, रंग खरवडायच्या पत्र्या, चिंध्या घेऊन आली. बरोबर जेवणाचा डबा घेऊन सुंदराबाईही उतरल्या.

“आई ऐकेचना,” दीपाली म्हणाली.

सुंदराबाईंनी वाकून नवऱ्याचे पाय बघितले. बाहेर तेवढेच होते. “अहो, रिटायर झालात ना? मग परत गाडीखाली कशाला?”

“लांबी काढतोय.”

“कुणी भरली होती?”

खालून पत्रीचा आवाज तेवढा वाढला. दीपालीनं आईच्या कानात सांगितलं. सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपलं नाही. “भिंतीवरचं सर्टिफिकेट आणू का साहेबांना दाखवायला?”

खरं म्हणजे हा सगळा खटाटोप त्यांच्याचसाठी होता, आणि ते त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

एकोणऐंशीच्या एप्रिलमधली गोष्ट. सुंदराबाईंना भरदुपारी कळा सुरू झाल्या. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून त्या चालत वर्कशॉपच्या फाटकापर्यंत आल्या आणि आत निरोप पाठवला. आवारात चाळीस जीप रांगेनं उभ्या होत्या, नुकत्या रंगवलेल्या. दशरथनी हात जोडले. गाड्या सिव्हिलियनसाठी नाहीत, असं उत्तर मिळालं. चूक कुणाचीच नव्हती, नियम होता. मग सायकलच्या कॅरिअरवर बायकोला बसवून, एका हातानं सायकल आणि दुसऱ्या हातानं तिला धरून ते उन्हातून चालत निघाले. दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांत दीपाली झाली. सगळं नीट पार पडलं. रडारड नाही, भांडण नाही. फक्त बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या सुंदराबाई एकदा म्हणाल्या होत्या, “चाळीस गाड्या होत्या हो. एक नाही मिळाली.”

त्या विसरल्या असतील. दशरथ विसरले नाहीत. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी लिलावाची यादी निघाली, तेव्हा ते स्वतः जाऊन उभे राहिले. त्या चाळिसातली ही जीप त्यांनी लांबूनच ओळखली. पुढचा हूक जरासा तिरका जोडलेला होता आणि तो त्यांनी सात वेळा रंगवलेला होता. दीपाली म्हणाली होती, “बाबा, एवढ्यात मस्त सेकंडहँड मारुती आली असती. मायलेज तरी बघा.” दशरथ म्हणाले, “मारुती चाळिसात नव्हती.” तिला काही कळलं नाही. रंग कोणता द्यायचा तो सुंदराबाईंनी ठरवला. “जन्मभर तुमच्या नखांत हिरवा बघितला. आता निळा द्या, आपला.”

पत्री चालत होती. वरचा काळा निघाला. त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवा. दुसऱ्या कुणाला तो नुसता हिरवाच दिसला असता. दशरथना त्यात सालं दिसत होती. हा पिवळट, त्या वर्षी ठेकेदारानं पाणचट रंग पाठवला होता. हा ब्रशाच्या रेघा असलेला, तेव्हा ते आईच्या आजारपणात रजेवर होते आणि कुणीतरी उरकून टाकलं होतं. हा अठ्ठ्याऐंशीचा, तीन हातांचा. तो निघायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि एवढ्या काळजीतही दशरथना त्याचं बरं वाटलं.

मग लांबी लागली. दगडासारखी. थिनरची चिंधी दाबून धरायची, थोडं मऊ पडलं की पत्रीनं कड उचलायची. आकड्यांच्या आत मात्र पत्री जाईना.

“अगं, काही टोकदार आहे का? पण लोखंडाला ओरखडा उठायला नको.”

सुंदराबाईंनी अंबाड्यातली पितळी पिन काढून खाली दिली. तीन वाजून गेले होते. केस सुटले म्हणून त्या ते हातानं धरून बसल्या. पिनेच्या टोकानं पांढरी भुकटी पडत गेली, आणि एक, मग दुसरा असे आकडे वर यायला लागले. दीपाली कागदावरचा नंबर वाचत होती, आणि खालून दशरथ प्रत्येक आकड्याला “आहे” म्हणत होते.

शेवटचा आकडा काही धड कळेना. तीन की आठ? गंजानं कड खाल्ली होती. कागदात आठ होता. जरा पिन टेकवून ओढली असती तर आठ झाला असता. दशरथनी पिन खिशात टाकली आणि ते बाहेर आले. त्यांचा चेहरा, भुवया, सगळं पांढरं झालं होतं.

चारला दहा मिनिटं असताना बर्वेसाहेब आले. त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“शेवटचा तीन दिसतोय.”

“मलाही तसाच दिसतोय साहेब,” दशरथ म्हणाले. “पण मी हात लावला नाही.”

दीपालीनं आईचा हात धरला.

साहेबांनी खिशातून पातळ कागद काढला, आकड्यांवर धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासायला सुरुवात केली. छाप घेण्याची ही पद्धत जुनी. डोळ्याला दिसत नाही ते कागदाला दिसतं. काळ्या शिशात एकेक आकडा पांढरा उमटत गेला. शेवटच्या आकड्याशी पेन्सिल दोनदा फिरली. साहेबांनी कागद उजेडात धरला. तीनच्या डाव्या बाजूला, केसाएवढ्या बारीक पण अखंड, दोन कमानी होत्या.

“आठ,” साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइलवर सही केली. “ओव्हाळ, नंबर लपवायला लोक पैसे मोजतात. तुम्ही फुकट लपवलात?”

“प्रशस्तिपत्र मिळालं होतं साहेब.”

“आमच्याकडे ते मिळत नाही. पावती मिळते. त्या खिडकीवर जा.” मग जाता जाता त्यांनी जीपच्या निळ्या दरवाज्यावरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. “रंग बरा दिलाय.”

दशरथना त्या वाक्याचं प्रशस्तिपत्रापेक्षा जास्त अप्रूप वाटलं. बद्रीनाथ त्यांच्या आधीच खिडकीपाशी रांगेत उभा होता, त्यांची जागा धरून.

तीन आठवड्यांनी नंबर आला. पाटी दशरथनी स्वतः रंगवली. त्या रविवारी खडकवासल्याला जेवणाचा डबा घेऊन जायचं ठरलं. दीपाली स्टिअरिंगवर बसली. सुंदराबाई मागे चढू लागल्या तेव्हा दशरथनी त्यांना हाताला धरून पुढे बसवलं आणि स्वतः मागच्या बाकावर बसले.

“बाबा, कुठून घेऊ?”

“आधी वर्कशॉपावरनं घे.”

फाटकासमोर दीपालीनं गाडी थांबवली. आवारात हिरव्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. सुंदराबाई बघत राहिल्या. मांडीवरच्या डब्याभोवती त्यांची बोटं घट्ट झाली. फाटकावरचा तरुण शिपाई दोन पावलं पुढे आला आणि त्यानं हात हलवला. “सिव्हिल गाडी है. यहाँ मत रोको, आगे लो.”

दीपालीला राग आला. “बाबा, सांगा ना त्याला, तुम्ही इथे एकतीस वर्षं—”

“बरोबर बोलतोय तो,” दशरथ म्हणाले. त्यांना आतून हसू फुटत होतं. “घे पुढं.”

इंजिनाच्या आवाजात सुंदराबाईंना नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मान वळवून विचारलं, “काय म्हणाला हो?”

“म्हणाला, ही त्यांची गाडी नाही.”

सुंदराबाईंनी फाटकाकडे एकदा बघून घेतलं. मग त्यांनी डबा मांडीवर नीट धरला आणि म्हणाल्या, “चल गं दीपे. ऊन व्हायच्या आत पोचू.”