जांब

पुण्याच्या शरयूताई आल्या तेव्हा भोकरदनजवळच्या त्या घराच्या ओसरीवर सगळी भावकी गोळा झाली होती. जिवावरच्या दुखण्यातल्या लेकरांची एक इच्छा पुरी करायची, असं शरयूताईंच्या संस्थेचं काम. बेबीनंदाचं नाव त्यांना दवाखान्यातूनच कळलं होतं. रक्ताचा कॅन्सर झालेली ती पोर डोक्याला रुमाल बांधून सतरंजीवर बसली होती, आणि गावजेवणाला जमावीत तशी माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती.

"बाळा, तुला हवं ते माग. अगदी काहीही," शरयूताई म्हणाल्या.

बेबीनं आईकडं पाहिलं, आजोबांकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "जांब."

"जांब म्हणजे?"

पुण्यात पेरूला पेरूच म्हणतात, त्यात त्या बाईंचा काय दोष! दाराआड उभ्या असलेल्या द्वारकेनं, बेबीच्या आईनं, सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिचे सासरे भुजंगराव आधीच गहिवरले.

"जांब समर्थ, ताई! रामदासांचं गाव! माझ्या नातीला रामाचं दर्शन पाहिजे. दुसरं काय मागंल ती?"

झालं! बायांनी डोळ्यांना पदर लावले. कुणीतरी "जय जय रघुवीर" म्हटलं. शरयूताईंनी ते वहीत लिहूनही घेतलं. बेबी एकदा बोलली होती, आता तिला पुन्हा कोण विचारणार?

म्हाताऱ्याला खरंच तसं ऐकू आलं, की तसंच ऐकायचं होतं, देव जाणे. परसात जांबाचं झाड होतं आणि बेबीचा सारा दिवस त्याच्या फांदीवर जायचा. डॉक्टरांनी न शिजवलेलं फळ बिलकुल बंद केलं, तेव्हा लेकराचा जीव तिथं अडकू नये म्हणून भुजंगरावांनी स्वतः कुऱ्हाड घेऊन ते झाड पाडलं होतं. पाडताना रडलेही होते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. यांच्याशी काय भांडायचं?

चुलीपाशी द्वारका नवऱ्याला म्हणाली, "आवो, ती खायचा जांब मागून राह्यली."

"मला काय कळलं न्हाई व्हय?" बद्रीनाथ म्हणाला. "पण आबाचं तोंड बघितलं का? अन् सांगून काय करती? तुला देता येतो का जांब?"

द्वारका भाकरी थापत राहिली. बोलली असती तर सासरा उघडा पडला असता, आणि पोरीच्या हाती तरीही काही आलं नसतं.

ठरल्या दिवशी जीप हार घालून निघाली. मागं भजनी मंडळ टाळ कुटत होतं. बेबी आईच्या आणि आजोबांच्या मध्ये दबून बसली होती. वाटेत तिला दोनदा ओकारी झाली, पण 'परत फिरू' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिच्याच इच्छेसाठी तर निघाले होते सगळे.

देवळासमोर एक म्हातारी पाटीत जांब घेऊन बसली होती. पिवळेधमक, वास पार जीपपर्यंत. बेबीनं नुसतं पाहिलं. मागितला नाही. आपली पोर मागायचं विसरली, हे पाहून द्वारकेच्या काळजाचं पाणी झालं.

"नैवेद्याला घेते," असं कुणीही न विचारता सांगत तिनं एक जांब घेतला आणि रामापुढं ठेवला. पुजाऱ्यानं वर तुळशीचं पान ठेवून तो बेबीच्या ओंजळीत परत दिला. भुजंगरावांचा हात झटकन पुढं आला.

"परसाद हाय, मामा," द्वारका म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याला ती पहिल्यांदाच आडवी बोलली होती. हात तिथंच थांबला. प्रसादाला नको म्हणणं त्या घरात कुणाला जमलं नव्हतं. शरयूताईंनी तेवढ्यात फोटो काढला.

परतताना बेबी जांब नाकाशी धरून बसली. मग तिनं दात लावले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. औषधांनी तोंडभर फोड आले होते. तिनं जांब आईच्या हातात दिला.

"माय, तू खाय. कसा लागतो ते मला सांग."

द्वारकेनं घास तोडला. सावकाश चावला.

"गोडंय?"

"लई गोडंय, माय."

"बिया कडक हायेत?"

"हायेत."

बेबीनं उरलेला जांब घेऊन आजोबांपुढं धरला. "आबा, तुमी बी खा ना. परसाद हाय."

भुजंगरावांनी तो घेतला. घ्यावाच लागला. पोर त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"आपल्या झाडावाणीच लागतो ना, आबा?"

भुजंगरावांना घास गिळता येईना, आणि प्रसाद होता, थुंकताही येईना.