वाचलं म्हणून सांगितलेलं पत्र

तंजावुरात पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. पुण्यामुंबईच्या माणसाला हे दोनदा सांगावं लागतं, कारण त्याच्या डोळ्यांपुढे भाजीतलं पनीर येतं आणि ते सोड्यात कसं घालतात या विचारानं तो तोंड वाकडं करतो. तर या गुलाबपाण्याचा सोडा बाळकृष्णरावांच्या आत्यानं, वेंकूबाईनं, राजवाड्यामागच्या गल्लीत सुरू केला. बाई बालविधवा. भावाच्या घरी आयतं बसून खायचं नाही, या एका हट्टापायी तिनं हातानं फिरवायचं सोड्याचं यंत्र आणवलं. ती गेली तोवर आसपासच्या गावांत वेंकूबाई पन्नीरची बाटली उघडल्याशिवाय लग्नाची पंगत उठत नसे. बाटलीच्या काचेतच तिचं नाव उठवलेलं असे, तमिळमध्ये.

तमिळमध्येच असणार. तंजावूरच्या या मराठी लोकांच्या घरांत तीनशे वर्षं मराठी बोलली जाते, पण पोरं शिकतात तमिळ शाळेत. बाळकृष्णरावांना तमिळ लिहितावाचता येई, कामापुरतं इंग्रजी येई. देवनागरीतलं मात्र एक श्री सोडलं तर काही ओळखता येत नसे. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, गल्लीतल्या दहांपैकी नऊ घरांची हीच गत होती. पण बाळकृष्णराव पडले मराठी मंडळींच्या सभेचे अध्यक्ष. दर वर्षी ते मायबोलीवर अर्धा तास गळा काढत आणि ते भाषण तमिळ अक्षरांत लिहून आणत. कागद असा धरत की पहिल्या रांगेतल्यालाही दिसू नये.

चौऱ्याण्णव साल होतं. देशाची दारं उघडली, परकी भांडवल येणार, आता आपलं भलं होणार, असं जो तो पेपर सांगत होता. तंजावुरात ते भांडवल एका पांढऱ्या मोटारीतून आलं. आत दोघे होते. एक सिंगापूरहून आलेला कंपनीचा गोरा साहेब. दुसरा त्याचा हाताखालचा अधिकारी, गुरुराज केसकर, मूळ पुण्याचा. कंपनीचं काळं सरबत साऱ्या जगात विकलं जात होतं. तंजावुरात मात्र लोक अजून वेंकूबाईच पीत होते.

साहेब इंग्रजीत बोलत होता तोवर बाळकृष्णराव सावध होते. मग केसकर म्हणाला, "काका, तुमचं घर बघून आमच्या सदाशिव पेठेतल्या घराची आठवण झाली." झालं! म्हातारा विरघळला. तिकडचा खरा मराठी माणूस आपल्या ओसरीवर बसून आपल्याला काका म्हणतो, याहून मोठं भाग्य या लोकांना ठाऊक नाही. ते भाग्य कुठल्या कंपनीच्या पगारावर आलंय हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

"तुम्ही मराठी वाचता का काका?" केसकरनं सहज विचारलं.

"वाचतो तर! रोज सकाळीं पोथी वाचल्याविना मी कॉफी घेत नाही," बाळकृष्णराव म्हणाले.

हे खोटं नव्हतं. पोथी तमिळ लिपीत होती, एवढंच सांगायचं राहून गेलं.

कंपनीचं म्हणणं गोड होतं. निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा कंपनीचा, बाकी बाळकृष्णरावांचा. नवी यंत्रं, नवी शेड, वेंकूबाईचं नाव मद्रासपासून दुबईपर्यंत. बावीस कामगार होते, त्यांचे शंभर होतील. करार चाळीस पानांचा होता आणि त्यातलं इंग्रजी वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं होतं.

करार देऊन दोघे निघाले तेव्हा केसकरनं बॅगेतून एक बंद पाकीट काढलं. साहेब शेजारीच उभा होता. केसकर हसत हसत मराठीत म्हणाला, "काका, मी तुमच्यासाठी दोन पानं मराठीत लिहिली आहेत. सावकाश वाचा. आणि हे बघा, वाचल्याशिवाय सही करू नका." साहेबाला त्यानं इंग्रजीत सांगितलं की शुभेच्छांचं पत्र आहे, इकडे तशी रीत आहे.

त्या दुपारी बाळकृष्णरावांनी पाकीट उघडलं. वर श्री होतं. खाली दोन पानं भरून रेघेला टांगलेली अक्षरं होती, आणि काही शब्दांखाली दोन दोनदा ओढलेल्या जाड रेघा. त्यांची मुलगी अखिला तेव्हा कॉलेजात शिकवत होती. तिलाही देवनागरी येत नव्हती, पण डोकं ठिकाणावर होतं.

"अप्पा, हें ग्रंथालयांतल्या पंडितांस दाखवूं. दहा मिनिटांची वाट. आणि करार वकिलास दाखवा."

"पंडितास? उद्यां अस्कं गांव म्हणेल, सभेच्या अध्यक्षास मराठी वाचतां येत नाही!"

"मग केसकरांसच विचारा, काय लिहिलंय म्हणून."

"त्यांस विचारूं? त्यांस?" त्यांनी पत्र तिच्या हातून ओढून घेतलं. "आपला माणूस तो. चार चांगले शब्द लिहिले असतील. मराठी माणूस मराठी माणसास फसवील कां?"

आणि त्यांनी ते पत्र देवघरात, देवांच्या पाटाखाली ठेवून वर फूल वाहिलं. अडाणीपणाची पूजा अशी यथासांग झाली. मराठी माणूस आहे म्हटल्यावर करार वकिलाला दाखवायचाही राहिला.

दोन दिवसांनी मंडळी परत आली. कागद पसरले. केसकरचा चेहरा उतरलेला होता, त्यानं सरळ डोळ्यांत बघत विचारलं, "काका, पत्र वाचलंत ना?"

"वाचलं, वाचलं. फार सुंदर लिहिलंय. अक्षर तर मोत्यांसारखं!"

"आणि तरी सही करताय?"

"आनंदानं करतो!"

केसकरनं पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. बाळकृष्णरावांनी चाळीस ठिकाणी सह्या केल्या, आणि नवं यंत्र आलं त्या दिवशी सगळ्या कामगारांना त्याला हार घालायला लावले.

वेंकूबाई पन्नीर दुबईला गेलं नाही. पहिल्या वर्षी नव्या शेडमध्ये काळं सरबत जास्त आणि पन्नीर कमी भरलं जाऊ लागलं. दुसऱ्या वर्षी पन्नीर 'तूर्त' थांबवलं. मग एक लॉरी आली आणि मागच्या अंगणात रचलेल्या वेंकूबाईच्या बाटल्या, हजारोंनी, फोडायचं काम सुरू झालं. काचेतलं नाव दुसऱ्या कुणाच्या कामाचं नव्हतं. तीन दिवस तो आवाज गल्लीभर ऐकू येत होता आणि बाळकृष्णराव ओसरीवर बसून तो ऐकत होते. शहाण्णवच्या दिवाळीआधी शेडला कुलूप लागलं. काळं सरबत आता त्रिचीहून ट्रकनं येणार होतं. बावीसांचे शंभर व्हायचे होते, त्यांतला एकही उरला नाही.

बाळकृष्णराव म्हणाले, मी घरात पुन्हा हातयंत्र लावतो. कंपनीची नोटीस आली की करारातल्या चौदाव्या कलमाप्रमाणे तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणीही पंधरा वर्षं कुठलंही थंड पेय बनवू शकत नाही. आत्याच्या श्राद्धाला आलेल्या ब्राह्मणांना त्या वर्षी नुसतं ताक दिलं.

कामगारांनी मात्र त्यांना दोष दिला नाही. त्यांची म्होरकी कामाक्षी. तीस वर्षं तिनं त्या अंगणात बाटल्या धुतल्या होत्या. तिला मराठी बोलता येत नसे, पण तीस वर्षांत या घरातली सासूसुनांची भांडणंसुद्धा तिला तोंडपाठ झाली होती, इतकी ती कळत असे. मालकांना ती अय्या म्हणे. सगळ्यांना सांगे, "अय्यांना फसवलं. अय्या आपले आहेत." तिनंच सह्या गोळा करून कोर्टात दावा लावला. वकील म्हणाला की मालकाला अटी कळल्या नव्हत्या, कंपनीनं त्याला अंधारात ठेवलं, एवढं सिद्ध झालं तर करार मोडता येईल. शेड उघडेल, पन्नीर पुन्हा निघेल, माणसं कामावर येतील. साक्षीला कंपनीतला कुणीतरी हवा.

अखिलानं केसकरचा पत्ता शोधला. त्यानं ती नोकरी सोडली होती. तिच्या इंग्रजी पत्राला उत्तर म्हणून तो स्वतःच आला, अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात. केस पिकले होते. ओसरीवर बाळकृष्णराव, अखिला आणि खांबाशी दाव्याचे कागद घेऊन कामाक्षी, असे तिघे होते.

"मी साक्ष देतो," केसकर म्हणाला. "साहेबानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की तुमचं पन्नीर विकत घेऊन बंद करायचं. पण काका, एक अडचण आहे. वकील मला विचारणारच की मालकांना हे कुणी सांगितलं होतं का? आणि मी सांगितलं होतं."

"कधी?" अखिला म्हणाली.

"त्या पत्रात. चौदावं कलम शब्दन् शब्द उलगडून लिहिलं होतं. सही करू नका, हे लोक दोन वर्षांत तुम्हाला बंद पाडतील, असं लिहिलं होतं, खाली दोन दोन रेघा ओढून. साहेब सारखा बरोबर. तोंडानं बोलायची माझी छाती नव्हती, घरी दोन लहान मुलं होती. म्हटलं, या गावात मराठी फक्त तुम्ही वाचाल."

बाळकृष्णरावांची नजर देवघराकडे गेली. दोन वर्षं त्यांनी या माणसाला शिव्या दिल्या होत्या, आणि या माणसानं दिलेलं सगळं शहाणपण त्यांनी फुलाखाली दाबून ठेवलं होतं.

केसकर पुढे वाकला. त्याच्या आवाजात आता राग होता. "चार वर्षं मला हे छळतंय काका. तुम्ही ते वाचलंत, अक्षराचं कौतुक केलंत आणि आनंदानं सही केलीत. का? का तुम्ही वाचलंच नव्हतं? तसं असेल तर सांगा. मी कोर्टात सांगतो, आणि केस आपण जिंकतो."

"केसकर, अप्पांस मराठी..." अखिलानं तोंड उघडलं.

"गप्प बैस!" बाळकृष्णराव ओरडले. तिच्यावर ते कधी ओरडले नव्हते.

एक वाक्य बोलायचं होतं. मला वाचता येत नाही. चार शब्द. ते बोलले असते तर आत्याचं नाव परत आलं असतं, बावीस घरांत चूल पेटली असती. पण समोर पुण्याचा माणूस बसला होता, ज्याला त्यांनी पोथी वाचतो म्हणून सांगितलं होतं. कोर्टात हे उघड बोललं जाणार, पेपरात छापून येणार, सभेत लोक तोंडावर पदर धरून हसणार. त्यांची मान आपोआप ताठ झाली.

"वाचलं होतं," ते म्हणाले. "अस्कं वाचलं होतं. पैका मिळतो म्हणून सही केली."

केसकर उठला. मग चपला शोधू लागला. "मग मी इथे कशाला आलो?" तो म्हणाला. "माफ करा, मी तुम्हाला वेगळं समजत होतो." तो निघून गेला. अखिला भिंतीकडे तोंड करून रडत होती.

कामाक्षी खांबापासून पुढे आली. तिनं तमिळमध्ये विचारलं, हळू आवाजात, तिला अजून खात्री होती की आपलं काहीतरी चुकतंय.

"अय्या, आम्हाला यंत्राला हार घालायला लावलेत, त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं?"

तिच्यापाशी खरं बोलता आलं असतं. ती काही पुण्याची नव्हती. पण केसकर अजून फाटकापाशी रिक्षावाल्याशी मोडक्या तमिळमध्ये भाव ठरवत होता, आणि इथलं बोलणं तिथवर ऐकू जात होतं.

"तेरियुम्," बाळकृष्णराव मोठ्यानं म्हणाले. माहीत होतं.

कामाक्षीनं दाव्याचे कागद त्यांच्या पायांपाशी ठेवले. "आता याचा काय उपयोग," ती म्हणाली, आणि गेली. त्यानंतर त्या गल्लीत बावीसांपैकी कुणीही त्यांना अय्या म्हटलं नाही.